‘नाही’ म्हणायचं कुणी?

जपानी ॲनिमेच्या चाहत्यांमधले काही वाद मिटावेत अशी खरं तर कुणाचीच इच्छा नसते. ‘तोराडोरा’चा शेवट हा त्यातला एक. ही पंचवीस भागांची मालिका ऑक्टोबर २००८मध्ये सुरू झाली आणि मार्च २००९मध्ये संपली. आजही नाताळ जवळ आला की ती नव्याने पाहणारे आणि पाहून झाल्यावर नव्याने भांडणारे निघतातच. र्‍युजीने ताइगाला निवडलं हे योग्य झालं, की मिनोरीवर अन्याय झाला? एका बाजूला ताइगाचे चाहते, दुसऱ्या बाजूला मिनोरीचे, आणि मध्येच आमी कावाशिमाचा झेंडा धरून उभा असलेला एखादा चिवट गट.

या भांडणात एक गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरलेली असते. आपली आवडती जिंकली तर शेवट समाधानाचा, हरली तर फसवणूक. मग मिनोरीच्या बाजूचे लोकसुद्धा, कुरकुरत का होईना, ‘तोराडोरा’ला उत्तम मालिका का म्हणतात? आणि हवी तीच नायिका जिंकूनही काही मालिकांचा शेवट पाहून प्रेक्षक हात चोळत का बसतो?

प्रेमत्रिकोणाचा शेवट जमला की फसला, हे हरणाऱ्या माणसाकडे पाहून ठरतं. त्याला किंवा तिला कुणी स्पष्ट ‘नाही’ म्हटलं का? म्हटलं तर ते तोंडावर म्हटलं, की लेखकाने अपघात, आजारपण, विमान किंवा ‘काही वर्षांनंतर’ अशी पाटी पाठवून बोळवण केली? आणि नकार ऐकल्यावर त्या माणसाला पडद्यावर किती वेळ मिळाला? जिंकणाऱ्या जोडीचं काय, तिला शेवटचा भाग, पार्श्वसंगीत आणि उडणाऱ्या साकुराच्या पाकळ्या मिळणारच असतात.

‘तोराडोरा’ या कसोटीला फार चांगली उतरते, निदान शेवटून दुसऱ्या भागापर्यंत. युयुको ताकेमिया यांच्या दहा खंडांच्या कादंबरीमालेवर ती बेतली आहे. शेवटचा खंड बाजारात आला त्याच महिन्यात मालिकेचा शेवटचा भागही प्रसारित झाला. दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, पटकथेची जबाबदारी मारी ओकादा यांच्याकडे. गोष्ट वरवर हलकीफुलकी आहे. र्‍युजी ताकासू या शाळकरी मुलाला डोळे मिळालेत गुंड बापाचे आणि स्वभाव टापटिपीच्या गृहिणीचा. फटीतली बुरशी काढायला त्याने स्वतःची खास काडी बनवली आहे. शेजारच्या महागड्या फ्लॅटमध्ये एकटी राहते ताइगा आयसाका. अंगाने चिमुकली, रागाने वाघीण. तिने युसाकू कितामुरासाठी लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी चुकून र्‍युजीच्या दप्तरात पडते. ती परत मिळवायला ताइगा रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात घुसते आणि भुकेने कोसळते. मग तो तिला परतलेला भात करून वाढतो. पाकीट तर रिकामंच होतं हे नंतर कळतं. तिला हवा आहे कितामुरा, म्हणजे र्‍युजीचा मित्र. र्‍युजीला हवी आहे मिनोरी कुशिएदा, म्हणजे तिची जिवलग मैत्रीण. दोघं एकमेकांना मदत करायचं ठरवतात. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला तिसऱ्या भागापर्यंत कळलेलं असतं.

कळलेलं असूनही मालिका धरून ठेवते, कारण तिचं लक्ष मिनोरीवर आहे. मिनोरी सॉफ्टबॉलच्या संघाची कर्णधार, शाळा सुटल्यावर नाना ठिकाणी अर्धवेळ काम करणारी, सतत काहीतरी बडबडत विनोद करणारी मुलगी. समुद्रकाठच्या बंगल्यावर ती र्‍युजीला भुतांबद्दल विचारते. आपल्याला भूत कधी दिसलेलं नाही, पण एक दिवस दिसेल अशी आशा आहे, असं सांगते. तिला भुतांबद्दल बोलायचं नाही, हे त्या दोघांनाही कळतं. तिने मनातलं दार अर्ध्या बोटाएवढं उघडलं आहे.

मग येतो नाताळचा एकोणिसावा भाग. ताइगा घरी एकटी, र्‍युजी अस्वलाचा पोशाख चढवून सांताक्लॉज म्हणून तिच्याकडे जातो. तिला आनंद होतो आणि त्या आनंदात ती त्याला मिनोरीकडे हाकलते. तो गेल्यावर दाराशी तिला उमगतं, की आपण कुणाला पाठवून बसलो. ती रडत, त्याचं नाव घेत रस्त्यावर येते. हे मिनोरी पाहते. त्याच रात्री मिनोरी र्‍युजीला भेटते आणि त्याने काही बोलण्याच्या आतच सांगून टाकते, की आता आपल्याला भुतं दिसली नाहीत तरी चालतील.

इथे थांबलं असतं तर मराठी प्रेक्षकाला काही वेगळं वाटलंच नसतं. हिंदी सिनेमाने आपल्याला हा शेवट वर्षानुवर्षं पाजला आहे. ‘संगम’मध्ये (१९६४) गोपाळ स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि सुंदर-राधाचा संसार मोकळा होतो. ‘कुछ कुछ होता है’मध्ये (१९९८) अमन लग्नाच्या मंडपातून अंजलीला राहुलच्या हवाली करतो. तिसऱ्याने मरायचं किंवा मोठ्या मनाने बाजूला व्हायचं. जिंकणाऱ्यांनी डोळे पुसत आभार मानायचे. या पद्धतीत ‘नाही’ म्हणण्याची पाळी कुणावर येतच नाही. त्यागाचं तेज इतकं असतं की राधाने स्वतः काय ठरवलं असतं, अंजलीने अमनला तोंडावर काय सांगितलं असतं, हे प्रश्नच विचारले जात नाहीत. मिनोरीकडेही अनेक जण याच चष्म्यातून पाहतात आणि तिला त्यागमूर्ती करून टाकतात.

मालिकेला स्वतःला मात्र त्याग मान्य नाही. सोळाव्या भागात ते आधीच सांगून झालं आहे. कितामुराने विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष कानो सुमिरेवर भर सभेत प्रेम व्यक्त केलं आणि तिने हसून ते टोलवलं. त्यावर ताइगा लाकडी तलवार घेऊन तिच्या वर्गात घुसते. तिला राग येतो तो सुमिरेने नकार दिला म्हणून नाही, सरळ उत्तर दिलं नाही म्हणून. आणि मारामारीच्या मध्यावर सुमिरेकडून खरं बाहेर पडतं: तिचंही त्याच्यावर प्रेम आहे, पण ते सांगितलं तर तो सगळं सोडून तिच्यामागे अमेरिकेला येईल. दुसऱ्याच्या भल्यासाठी गप्प बसणं हा भित्रेपणा आहे, हे इतकं ठणकावून सांगणारी ताइगा नंतर मिनोरीसाठी अगदी तेच करते, आणि मिनोरी ताइगासाठी. दोघी मैत्रिणी एकमेकींना र्‍युजी भेट म्हणून देऊ पाहतात. तो काही मिठाईचा पुडा नव्हे, हे दोघींनाही सुचत नाही. सगळ्यांच्या आधी सगळं ओळखणारी आमी तेवढी मिनोरीला टोचते, की अपराधी वाटणं संपलं का.

म्हणून चोविसावा भाग महत्त्वाचा. व्हॅलेंटाइनच्या चॉकलेटवरून विषय फुटतो, मिनोरी ताइगाला खरं बोलायला लावते, ताइगा पळते आणि मिनोरी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये ओरडून सांगते, की तिचं र्‍युजीवर प्रेम होतं. हे ती त्याला मिळवण्यासाठी सांगत नाही. त्याने ताइगाची निवड केली आहे हे तिला ठाऊक आहे. ते सांगितल्यावाचून तिचा निर्णय तिचा राहिला नसता, मैत्रिणीवर केलेला उपकार झाला असता. आपलं सुख कशात आहे ते आपणच ठरवू, असं ती म्हणते आणि र्‍युजीला ताइगामागे पाठवते. आणि मग, ही मालिकेची खरी कमाई, ती आमीच्या शेजारी बसून रडते. कॅमेरा पळणाऱ्या जोडीमागे लगेच धावत नाही. हरलेल्या दोन मुलींना एकमेकींजवळ बसू देतो.

आता पंचविसाव्या भागाबद्दल. तो फसला आहे. पळून जाणं, आजी-आजोबांचं घर, र्‍युजीच्या आईचा तिच्या आईवडिलांशी समेट, ताइगाच्या आईचं येणं, ताइगाचं चिठ्ठी ठेवून निघून जाणं आणि वर्षभराने शाळेच्या निरोपाच्या दिवशी कपाटात लपून बसलेली सापडणं. कादंबरीच्या एका जाड खंडाचा ऐवज वीस-बावीस मिनिटांत कोंबला की असंच होणार. पण या घाईत त्रिकोणाला धक्का लागत नाही. तो आदल्या भागातच निकाली निघालेला असतो. उरलं ते जोडप्याचं आणि त्यांच्या आयांचं. त्यामुळे शेवट आवडला नाही असं म्हणणारे आणि मालिका आवडली असं म्हणणारे बरेचदा एकच असतात, आणि त्यांच्या बोलण्यात विसंगती नाही.

‘नाही’ स्पष्ट म्हणण्याची किंमत काय असते, हे ॲनिमेने याच्या वीस वर्षं आधीच दाखवलं होतं. इझुमी मात्सुमोतो यांची ‘किमागुरे ऑरेंज रोड’ ही मांगा मालिका १९८४ ते १९८७ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात गाजली. त्यावरची टीव्ही मालिका १९८७-८८मध्ये अठ्ठेचाळीस भाग चालली. क्योसुके कासुगा हा अतींद्रिय शक्ती असलेला आणि निर्णयशक्ती अजिबात नसलेला मुलगा. त्याचं मन मादोका आयुकावावर, पण मादोकाची लहानपणापासूनची मैत्रीण हिकारू त्याला आपला प्रियकर समजते. तो मादोकाकडे पाहत राहतो, हिकारूबरोबर फिरत राहतो आणि दोन दगडांवर पाय ठेवून अठ्ठेचाळीस आठवडे काढतो. सगळं गमतीचं, गोड, उन्हाळ्याच्या सुटीसारखं. टीव्हीवरच्या शेवटात क्योसुके आणि मादोका जवळ आले खरे, पण हिकारूचा हिशेब बाकीच राहिला.

तो हिशेब १९८८च्या शरद ऋतूत आलेल्या, तोमोमी मोचिझुकी दिग्दर्शित चित्रपटाने चुकता केला. सव्वा तासाहून कमी लांबीच्या या चित्रपटात क्योसुकेच्या शक्तींचा मागमूस नाही. काळ मागे नेता येत नाही, कुणी हवेत तरंगत नाही. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचं वर्ष आहे, उकाडा आहे, आणि एका मुलाला एका मुलीला सांगायचं आहे की माझं तुझ्यावर प्रेम नाही. तो सांगतो. हिकारू ऐकत नाही. ती पुन्हा येते, पुन्हा विचारते, आपलं काय चुकलं ते सुधारू पाहते, संगीत नाटकाच्या निवडचाचणीची तयारी करत राहते. तिला टाळणारा क्योसुके इथे प्रथमच निर्दय दिसतो. आणि प्रेक्षकाला हळूहळू कळतं, की टीव्हीवर ज्याला आपण गंमत समजून हसलो ती गंमत हिकारूच्या खर्चाने चालली होती. मादोकालाही फुकट काही मिळत नाही. प्रियकर मिळतो तेव्हा लहानपणीची मैत्रीण गेलेली असते.

हा चित्रपट मालिकेच्या चाहत्यांपैकी अनेकांना आवडला नाही आणि ते समजण्यासारखं आहे. सुटीची सवय झालेल्याला परीक्षा कशी आवडेल? पण समाधान आणि आनंद या दोन गोष्टी आहेत. चित्रपट संपतो तेव्हा कुणी आनंदात नसतं, आणि तरीही काही राहून गेलं असं वाटत नाही. टीव्ही मालिकेच्या शेवटी नेमकं उलट वाटतं.

मग सगळेच असं का करत नाहीत? त्याचं उत्तर बरंचसं धंद्यात आहे. जपानी साप्ताहिकांत वाचकांच्या पोस्टकार्डांवर कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची हे ठरत आलं आहे. त्रिकोण सुटला की मालिका संपते, म्हणून तो सुटू द्यायचा नसतो. ॲनिमे बहुतेक वेळा मूळ गोष्ट चालू असतानाच बनतं. बारा-तेरा भागांचा एक मोसम संपतो तेव्हा मूळ लेखकानेच अजून काही ठरवलेलं नसतं. शिवाय प्रत्येक नायिकेच्या बाहुल्या, किचेन, पोस्टर विकायचे असतात. हरलेल्या नायिकेची बाहुली कोण घेणार, ही भीती निर्मात्यांना असावी. प्रत्यक्षात हरलेल्यांचे चाहतेच जास्त हट्टी असतात.

या भीतीपोटी भिजत पडलेल्या घोंगड्यांची कमी नाही. त्रिकोणासाठीच ओळखल्या जाणाऱ्या ‘माक्रॉस’ परंपरेतल्या ‘माक्रॉस फ्रंटियर’ने (२००८) तर कमाल केली. आल्तो साओतोमे हा वैमानिक, शेरिल आणि रांका या दोन गायिका, पंचवीस भागांची उत्कंठा. आणि शेवटी हा पठ्ठ्या दोघींनाही आपले पंख म्हणून मोकळा होतो. २०११च्या चित्रपटात त्याने शेरिलवरचं प्रेम एकदाचं बोलून दाखवलं, पण लगेच तो बेपत्ता आणि ती बेशुद्ध. १९८२च्या मूळ ‘माक्रॉस’मध्ये हिकारू इचिजो निदान मिनमेला सोडून मिसाकडे जातो, म्हणजे परंपरेला उत्तर देता येत होतं, ते पुढे विसरलं गेलं. काहींनी तर निवडीचीच कटकट काढून टाकली. ‘अमागामी एसएस’ने (२०१०) प्रत्येक नायिकेला चार-चार भागांची वेगळी गोष्ट दिली. ‘बोकुबेन’ या मांगाने २०२०मध्ये पाच नायिकांसाठी पाच शेवट लिहिले. खेळात हे चालतं, कारण तिथे खेळणाराच वाट निवडतो. गोष्टीत सगळ्याच जिंकल्या की कुणाचीच निवड झाली नाही एवढाच अर्थ उरतो.

दुसरी पळवाट म्हणजे सुंठीवाचून खोकला घालवणं. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘मेझॉन इक्कोकू’मध्ये (ॲनिमे १९८६-८८, शहाण्णव भाग) विधवा क्योकोसाठी गरीब गोदाई आणि देखणा, श्रीमंत टेनिस प्रशिक्षक मिताका यांची चुरस आहे. मिताकाला क्योकोने ‘नाही’ म्हणायची वेळ येण्याआधीच तो एका कुत्र्यामुळे झालेल्या गैरसमजातून असुना नावाच्या मुलीशी लग्नाला बांधला जातो. विनोद म्हणून प्रसंग झकास आहे. उत्तर म्हणून निव्वळ पळपुटा. गंमत अशी, की त्याच मालिकेत ॲनिमेतल्या सर्वांत कठीण त्रिकोणाचं अतिशय सरळ उत्तरही आहे. क्योकोच्या आयुष्यातला खरा तिसरा माणूस तिचा मेलेला नवरा सोइचिरो. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणूही नये. गोदाई त्याच्या थडग्यासमोर उभा राहून सांगतो, की आपल्याला भेटली त्या दिवसापासून क्योकोमध्ये तुम्ही होतातच, तेव्हा तुमच्यासकट तिला स्वीकारतो. मिताकाला जे मिळालं नाही ते एका मृताला मिळालं, आणि ही मालिका आठवते ती त्या स्मशानातल्या बोलण्यामुळे.

उरलेल्या मुलीला उरलेला मुलगा चिकटवून देणं, हा त्याच पळवाटेचा आणखी एक फाटा. नागाई आणि ओकादा यांच्याच ‘द अँथम ऑफ द हार्ट’मध्ये (२०१५) जुन नावाची, बोलणंच बंद झालेली मुलगी ताकुमीवर प्रेम करते आणि तो तिला तोंडावर सांगतो, की त्याचं मन दुसरीवर आहे. ते ऐकून ती रंगमंचावर परत जाते आणि गाते. इतका खणखणीत शेवट हातात असताना, जाता जाता दाइकीला तिच्यासमोर प्रेम व्यक्त करायला उभं करण्याची काय गरज होती? नकार पचवलेली मुलगी एकटी सोडायला लेखकाचा हात थरथरतो तो असा.

ही थरथर ‘हनी अँड क्लोव्हर’मध्ये औषधालाही सापडत नाही. चिका उमिनो यांच्या मांगावरची ही मालिका २००५मध्ये आली. फुजी टीव्हीच्या ‘नोइतामिना’ या रात्री उशिराच्या प्रसारणाची सुरुवात तिनेच झाली. कला महाविद्यालयात शिकणारा ताकेमोतो, विक्षिप्त प्रतिभावान मोरिता आणि दोघंही जिच्या प्रेमात पडतात ती चित्रकार हागु. शेजारी दुसरा त्रिकोण: कुंभारकाम शिकणारी यामादा मायामावर प्रेम करते आणि मायामा एका विधवा वास्तुविशारद बाईवर. या मालिकेतला सर्वांत लक्षात राहणारा नकार जवळजवळ शब्दावाचून आहे. दारू प्यायलेल्या यामादाला मायामा पाठीवर घेऊन घरी निघालेला आहे, ती पाठीवरून त्याला पुन्हा पुन्हा सांगते की तुझ्यावर प्रेम आहे, आणि तो प्रत्येक वेळी नुसता हुंकार भरतो. मी ऐकतो आहे, एवढंच. खोटा दिलासा नाही, चिडचीड नाही. तिलाही उत्तर ठाऊक आहे, पण तिला बोलायचं आहे आणि त्याला ऐकून घ्यायचं आहे.

हागुची निवड तर दोन्ही मुलांना वगळून होते. काच कोसळून तिच्या हाताला गंभीर इजा होते. चित्र काढणं जाईल की राहील हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा ती वडिलांच्या नात्यातले, तिचे पालक आणि शिक्षक असलेले हानामोतो सर यांच्याकडे त्यांचं आयुष्य मागते. हे पचायला जड आहे. पालकाच्या नात्याचं असं काही होणं अनेक प्रेक्षकांना खटकलं आणि खटकणं रास्त आहे. उमिनोंनी हा धागा पुरेसा आधी विणलेला नाही, असंही वाटतं. पण हागु प्रियकर निवडतच नाही. ती चित्र निवडते आणि त्यासाठी लागणारा माणूस मागते. ताकेमोतो आणि मोरिता हे दोघे एकमेकांपुढे नाही, तिच्या कामापुढे हरतात.

आणि हरलेल्या ताकेमोतोला मालिका काय देते ते पाहावं. आधीच तो सायकलवर निघून पार होक्काइदोच्या उत्तर टोकाला, वाक्कानाईला जाऊन आलेला आहे. वाटेत जुन्या देवळांच्या दुरुस्तीचं काम करणारी माणसं भेटली, त्यातून त्याला त्याचं काम सापडलं. त्या नोकरीसाठी तो शहर सोडतो तेव्हा हागु स्टेशनवर येऊन पाव भरलेला डबा देते. गाडी सुटल्यावर तो उघडतो. प्रत्येक पावात मध आणि एक चार पानांचं क्लोव्हर. ती किती वेळ गवतात शोधत बसली असेल, याचा हिशेब प्रेक्षकानेच करायचा. हे फुकाचं सांत्वन नाही. त्याच्या प्रेमाची पोच आहे, आणि ‘नाही’सुद्धा. इथे मालिका संपते ती हरलेल्याच्या नजरेतून. जिंकणारं जोडपं चौकटीत नाही.

स्पष्ट नकाराला अपवाद एकच मानावा लागतो. फुमियाकी मारुतो यांनी स्वतःच्या खेळावरून लिहिलेल्या ‘व्हाइट अल्बम २’ या तेरा भागांच्या मालिकेत (२०१३) हारुकी सेत्सुनाबरोबर आहे, पण मन काझुसात. शेवटी विमानतळावर सेत्सुनाच्या डोळ्यांदेखत तो परदेशी निघालेल्या काझुसाला मिठी मारतो. सेत्सुनाला तो काही सांगत नाही आणि काझुसाला थांबवतही नाही. विमान जातं. खेळाच्या पुढच्या भागासाठी गोष्ट उघडीच ठेवलेली आहे. पाहणाऱ्याला हारुकीचा संताप येतो. पण मालिका त्याला माफ करत नाही, त्याचं वागणं गोड करून दाखवत नाही. असमाधान हेच इथे उत्तर आहे आणि लेखकाला ते पक्कं ठाऊक आहे. ‘डोमेस्टिक गर्लफ्रेंड’चं तसं नाही. त्या मांगाच्या २०२०मधल्या शेवटी हिना अपघातानंतर वर्षानुवर्षं बेशुद्ध पडते आणि रुई स्वतःच बाजूला होते. तिथे दुःख भरपूर आहे, निर्णय मात्र कुणीच घेतलेला नाही. तो अपघाताने घेतला.

‘द क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स’ने हाच प्रश्न कोड्यासारखा मांडला. पाच जुळ्या बहिणी, सगळ्या दिसायला सारख्या, आणि पहिल्याच प्रकरणात कळतं की नायक फुतारो त्यांच्यातल्या एकीशी लग्न करणार आहे. कोण, ते शेवटापर्यंत झाकलेलं. २०२२च्या चित्रपटात तो पाचही जणींना वेगवेगळ्या खोल्यांत थांबायला सांगतो आणि एकाच खोलीचं दार उघडतो. योत्सुबाचं. चौघींना नकार मिळतो तो न उघडलेल्या दारातून. कल्पना चतुर आहे, आणि नायकाची सोयही पाहणारी. पण चित्रपट नंतर थांबतो, निनो आणि मिकू या दोघींना योत्सुबासमोर आपला राग काढू देतो. नकार फुतारोने द्यायचा टाळला. तो ऐकल्यानंतरचं बोलणं बहिणींनी पुरं केलं. योत्सुबाला निवडण्याची कारणं पुरेशी दाखवली का, यावर वाद घालता येईल. उरलेल्या चौघींना वाऱ्यावर सोडलं असं मात्र म्हणता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत वारं या दिशेला वळलेलं दिसतं. ताकिबी आमामोरी यांच्या कादंबऱ्यांवरची, आइची प्रांतातल्या तोयोहाशी शहरात घडणारी ‘मेकेइने’ (२०२४) सुरूच होते ती नकारानंतर. आन्ना यानामी आपल्या बालमित्राला दुसऱ्या मुलीमागे जायला सांगते, तो जातो, आणि ती रेस्तराँमध्ये बसून त्याच्या उष्ट्या पेल्यातल्या स्ट्रॉने पेय पिते. नुकुमिझू नावाचा एक अलिप्त मुलगा ते पाहतो. मग ती त्याच्या पैशाने भरपेट खाते आणि ते पैसे डबे करून फेडते, प्रत्येक डब्याची किंमत ठरवून. हरलेल्या मुली उदास, हसऱ्या, खादाड, चिडक्या अशा सगळ्या असू शकतात, हे मालिका बारा भाग सांगत राहते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘ब्लू बॉक्स’मध्ये ताइकी हा बॅडमिंटनपटू चिनात्सु या बास्केटबॉल खेळणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलीवर प्रेम करतो, आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्स करणारी हिना ताइकीवर. तो हिनाला स्पष्ट सांगतो, चिनात्सुचा होकार हातात नसताना सांगतो. म्हणजे एकीची सोय लागली म्हणून दुसरीला नाही म्हणणं इथे नाही. आणि हिनाला गोष्टीतून हद्दपारही केलेलं नाही. त्याच शाळेत, त्याच जिममध्ये, दुसऱ्या दिवशीच्या सरावाला तिला ताइकीसमोर यावं लागतं. स्पर्धा जवळ आलेली असते, आणि चेंडू, रिबन घेऊन ती सराव सुरू करते.